दादाचा पाय आणि मोजलेले शंभर सेकंद

"काय गो, संपली तुझी बॅटरी?" दादाच्या पायाच्या जखमेवर लाल उजेडाचा दिवा धरायचा, आणि शंभर सेकंद भरून मी तो बंद केला की दर खेपेला दादाचा हाच प्रश्न. एवढ्याशा उजेडाने काय होणार, हे त्याचे म्हणणे. वॉर्डात ३१ वर्षे ड्रेसिंग केल्यामुळे मला मात्र उलटी भीती होती, की हा माणूस एक दिवस हळूच तो दिवा अर्धा तास लावून बसणार. तसेच झाले. ते पुढे सांगते.

दादा ६८ वर्षांचा, मधुमेह १५ वर्षांचा. जुलैत गोव्यातल्या सावई-वेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळीच्या बागेत, अनवाणी गेला आणि चिऱ्याची कपची अंगठ्याखालच्या गादीत घुसली. पायाला बधिरपणा, त्यामुळे रात्री चादरीला रक्त लागले तेव्हा कळले. पाच आठवडे झाले तरी जखम मिटेना, तेव्हा मी लाल उजेडाचा विचार केला. पण त्याआधी त्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेला. हा क्रम चुकवू नका. पायात रक्त नीट पोहोचते का, हाडापर्यंत पू गेला आहे का, हे आधी बघून घ्यावे लागते. रक्तच पोहोचत नसेल तर उजेड कितीही पाडा, व्यर्थ. फार दिवसांची, कडा उचललेली जखम असेल तर कॅन्सर नाही ना याची खात्री हवी. कॅन्सरच्या जागेवर हा उजेड घरी पाडायचा नाही. काही औषधांनी त्वचा उजेडाला हळवी होते. पावसात अनेकांना मिळणारी डॉक्सीसायक्लीन त्यातलीच, म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा.

आता दिवा. शेकाचा तो मोठा लाल बल्ब वेगळा, हा वेगळा. त्या बल्बने उष्णता मिळते, आणि बधिर पायाला चटका कळत नाही. शेकाने भाजलेली पावले मी पुरेशी पाहिली आहेत. जंतू मारणारा अतिनील दिवाही नको. आपल्याला हवा तो एलईडी दिवा, ज्यावर तरंगलांबी लिहिलेली असते: लाल ६३० ते ६७० नॅनोमीटर, किंवा त्यापुढचा जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड), ८१० ते ८५० च्या आसपास. आमच्याकडे ६६० आणि ८५० दोन्ही होते. ८५० चा उजेड डोळ्यांना जेमतेम दिसतो. तो लागला की नाही हे बघायला मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, बहुतेक फोनवर ठिपके चमकताना दिसतात.

हे खूळ आजचे नाही. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर या डॉक्टरांनी भादरलेल्या उंदरांवर क्षीण लेझर सोडला, तर तिथले केस लवकर उगवले. पुढे त्यांनी तोच उजेड न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिला. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातले एक एन्झाइम हा उजेड शोषते आणि पेशीला काम करायला ताकद मिळते, असे त्याचे मुख्य स्पष्टीकरण. मधुमेही जखमांवरचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. म्हणून मी याला ड्रेसिंगच्या जोडीचा उपचार मानते.

खरी मेख मात्रेत आहे. उजेड कमी पडला तर उपयोग नाही, फार झाला तर फायदा उलटतो. हिशेब सोपा: दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट, गुणिले सेकंद, भागिले १०००, म्हणजे जूल. जखमेसाठी साधारण ४ जूलच्या आसपास धरतात. फोंड्यातल्या एका फिजिओथेरपिस्टने आमचा दिवा मीटरने मोजून दिला: १० सेंटिमीटरवर ४० मिलिवॅट. ४ जूल गुणिले १००० म्हणजे ४०००, भागिले ४०, झाले १०० सेकंद. खोक्यावरचा आकडा बहुधा दिव्याला अगदी चिकटून मोजलेला असतो, तो जसाच्या तसा धरू नका.

करायचे असे. हात धुवा. जखम सलाइनने धुवून जुने मलम, बेटाडीनचा तपकिरी थर सगळा काढा, कारण थरामागे उजेड पोहोचत नाही. गॉझवरूनही नको. कडेची त्वचा टिपून कोरडी करा. दोघांनीही गॉगल घाला. दिवा जखमेला न टेकवता सरळ समोर धरा. अंतरासाठी मी १० सेंटिमीटरची काडी कापून ठेवली होती, ती दिव्याच्या बाजूला चिकटवली. जखमेबाहेरची बोटभर कडही उजेडात यायला हवी, कारण नवी त्वचा तिथूनच सरकते. मग ओलसर ड्रेसिंग. आठवड्यातून तीन वेळा, सोमवार-बुधवार-शुक्रवार. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून स्टॉपवॉच थांबवून उरलेलेच सेकंद नंतर भरायचे, पहिल्यापासून नाही.

दर सोमवारी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा. सुरुवातीला लांबी ३.२, रुंदी २.१ सेंटिमीटर. दुसऱ्या आठवड्यात दादाने दुपारी मी झोपलेली बघून दिवा स्वतःच अर्धा तास लावला. त्या आठवड्यात जखम तसूभर हलली नाही. उजेड जास्त झाल्यामुळेच, असे मी छातीठोक सांगणार नाही, पण त्यानंतर दिवा माझ्या कपाटात गेला.

तिसऱ्या आठवड्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायची तर घरातला थोरला हवाच, म्हणे. स्टुलावर चवड्यांवर उभा राहून नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन बांधत बसला. संध्याकाळी ड्रेसिंग रक्ताने भिजलेले. तळव्याच्या जखमेवर भार पडत राहिला तर कुठलाच दिवा तिला भरू शकत नाही, हे मी त्याला तेव्हा फार मऊ शब्दांत सांगितले नाही.

चौथ्या आठवड्याचे माप २.६ बाय १.८. क्षेत्रफळ ६.७ वरून ४.७. चार आठवड्यांत निम्म्यावर आले नाही तर थांबायचे आणि परत दाखवायचे, हा तळव्याच्या मधुमेही जखमेचा नियम. आम्ही परत बांबोळीला गेलो. तिथे डॉक्टरांनी कडेचा घट्टा कापून काढला आणि चवड्यावरचा भार काढणारे पादत्राण दिले. उजेड त्याच मात्रेने चालू ठेवला. दिवाळीच्या आधी जखम मिटली. श्रेय उजेडाचे किती आणि पादत्राणाचे किती? दादा सगळे माटोळीच्या गणपतीला देतो. मी पादत्राणाला जास्त देईन.

ताप, दुर्गंधी, लाली वर चढणे किंवा काळे पडणे यातले काही दिसले तर सेकंद मोजत बसू नका, त्याच दिवशी जा.

जखम मिटल्यावर दिवा बंद. नवी त्वचा पातळ असते. आता रोज रात्री दादा काठीला बांधलेल्या आरशात तळवे बघतो, आणि कुळागराच्या दाराशी त्याच्यासाठी बंद बूट ठेवलेले असतात.