कार्बन-१४साठी हाड पाठवताय? आधी या चुका टाळा

डायनोसॉरच्या हाडाचं वय कार्बन डेटिंगने काढून मिळेल का, हा प्रश्न अजूनही येतो. नाही मिळणार. कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, त्याच्यावरूनच हे वय काढतात) दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही, आणि डायनोसॉर जाऊन ६.६ कोटी वर्षं झाली. तिथे थराच्या वर-खाली ज्वालामुखीची राख शोधा आणि तिच्यातल्या स्फटिकांवर आरगॉन किंवा युरेनियम-शिसं पद्धत वापरा. विषय संपला.

माझं डोकं फिरतं ते मर्यादेच्या काठावरच्या नमुन्यांनी. एका तरुण सहकाऱ्याने नदीच्या गाळातलं हत्तीच्या कुळातलं हाड तपासायला दिलं. उत्तर आलं ३७ हजार, चूक फक्त ५०० वर्षांची. स्वारी खूश, लेखाचा मसुदाही तयार! मी हाड हातात घेतलं तर त्यावर पिवळसर चकाकी. उचलताना भुगा होत होता म्हणून कोणीतरी सरस फासला होता, आणि नोंद कुठेच नाही. आता हिशेब बघा: ज्यात कार्बन-१४ अजिबात उरलेला नाही अशा नमुन्यात आजचा कार्बन फक्त १ टक्का मिसळला, तरी वय ३७ हजारांच्या आसपासच दिसतं. उरलेल्या तुकड्यातलं कोलॅजन, म्हणजे हाडाचं स्वतःचं प्रथिन, नीट वेगळं काढून पुन्हा मोजलं, तर ४४ हजार. आणखी कसून साफ केल्यावर थेट ‘मर्यादेपलीकडे’. साफ करावं तसं वय वाढत गेलं, की समजावं आपण घाण मोजत होतो. आणि ते ५०० वर्षांचं आकडेवारीतलं कौतुक? त्यात मोजणीतली चूक धरलेली असते, सरस नाही.

तेव्हापासून सरसाची बाटली उघडायच्या आधी मी एक तुकडा बाजूला काढतो आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवतो. कापसात नाही, कापूसही कार्बनच. मग हाडातला नायट्रोजन तपासून घेतो. तो नगण्य निघाला तर कोलॅजन गेलेलं असतं, पुढचा खर्च वाया. घाईवाल्यांना ही पायरी नेमकी ‘नंतर बघू’ वाटते.

समुद्री शिंपले जिवंत असतानाच सुमारे ४०० वर्षांनी म्हातारे दिसतात, दुरुस्ती करा. कोळसा खोडाच्या गाभ्याचा असेल तर वय लाकडाचं मिळतं, शेकोटीचं नाही. बिया मिळाल्या तर त्याच द्या.

आणि प्रयोगशाळेचा कच्चा आकडा म्हणजे कॅलेंडर नव्हे. त्यातलं ‘आजपूर्वी’ म्हणजे १९५०पूर्वी. अंशांकन, म्हणजे कच्च्या वयाचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर, करूनच छापा. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तर अंशांकनाचा वक्रच (कच्चं वय आणि कॅलेंडरची वर्षं जोडणारा आलेख) सपाट आहे. तिथला नमुना असेल तर शतकांचा पट्टा हाती येईल, यंत्र कितीही महागडं असो.