ट्रक घ्यायचाय? देशी की विदेशी ठरवण्याआधी एवढं बघून घ्या

ट्रक घ्यायचा विचार चालू असेल तर शोरूमला जायच्या आधी एक काम करा. वर्षभरात आपण काय माल भरणार, किती टन, कुठून कुठे, वाटेत घाट किती, येताना भरून यायला मिळतं की रिकामं यावं लागतं, हे सगळं एका वहीत लिहून काढा. लोक हे करतच नाहीत हो, आधी कंपनी ठरवतात, कोण म्हणतो आमच्याकडे आजोबांपासून टाटाच आहे, कोण म्हणतो बेंझ घे बाहेरचं इंजिन आहे बंदच पडत नाही, आणि एवढ्या लाखांचा निर्णय चहाच्या टपरीवर होऊन जातो. कंपनी कितीही चांगली असू दे, गाडी तुमच्या कामाला चुकीची निघाली तर पुढची चार-पाच वर्षं हप्ते तुम्हालाच भरायचेत.

आधी वजनाचं बघू. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने एक्सलवरची (चाकं जोडणाऱ्या दांड्यावरची) वजनाची मर्यादा वाढवली, त्यामुळे सहाचाकीचं पासिंग, म्हणजे कायद्याने चालणारं एकूण वजन, १६.२ टनावरून १८.५ झालं आणि दहाचाकीचं २५ वरून २८.५. पण हा आकडा गाडीसकट आहे हे विसरू नका. यातनं रिकाम्या गाडीचं वजन वजा केल्यावर जे राहतं तेवढाच माल तुमचा, आणि रिकामी म्हणजे बॉडी, ताडपत्री, स्टेपनी, भरलेली टाकी आणि ड्रायव्हर-क्लीनर धरून. सेल्समन जो पेलोड (भरता येणारा माल) सांगतो तो बऱ्याचदा नुसत्या चेसिसवरून, म्हणजे बॉडी नसलेल्या सांगाड्यावरून, काढलेला असतो, वर जड बॉडी बांधली की त्यातला टन-दीड टन तिथेच गेला. म्हणून त्याच मॉडेलची बॉडी बांधलेली गाडी कुणाकडे असेल तर तिची रिकामी काटापावती मागून बघा, त्या एका कागदावर सगळं कळतं. कळंबोलीतनं स्टील उचलणार असाल तर एकेक क्विंटल महत्त्वाचा आहे, आणि चिप्स, फोम, प्लास्टिकचा माल असेल तर वजनाचा प्रश्नच येत नाही, तिथे हौद्याची लांबी आणि उंची बघायची.

घाटाचंही तसंच. कसारा, खंबाटकी, करूळ असला रस्ता रोजचा असेल तर नुसता हॉर्सपॉवर बघून चालत नाही, टॉर्क (इंजिनाची ओढायची ताकद) किती आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो ते विचारा, आणि मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागचा शाफ्ट किती वेळा फिरतो, काय आहे ते नक्की विचारा. रेशोचा आकडा मोठा असला की गाडी चढाला ओढते पण हायवेला इंजिन जास्त फिरतं आणि डिझेल खातं, आकडा लहान असला की सपाटीला ॲव्हरेज देते पण भरलेली गाडी घाटात दमते. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन रेशो मिळतात आणि डीलर त्याच्या यार्डात जी उभी आहे तीच गळ्यात मारायला बघतो. थांबायची तयारी ठेवा पण आपल्या रस्त्याचीच घ्या.

आता देशी-विदेशी. ट्रकमध्ये ही रेघ फार पुसट आहे आणि हे नीट समजून घेतलं तर अर्धे वाद मिटतात. टाटाचा ट्रक १९५४ साली जमशेदपूरला निघाला तो जर्मनीच्या डायमलर-बेंझबरोबर करार करून, आणि तो करार १९६९ पर्यंत चालला. तीच डायमलर २०१२ मध्ये भारतबेंझ नावाने परत आली आणि तिच्या गाड्या चेन्नईजवळ ओरगडमला बनतात. म्हणजे ज्या दोन कंपन्यांवरून टपरीवर भांडणं होतात ती एकाच वाड्यातली चुलत भावंडं आहेत. अशोक लेलँड १९४८ ला अशोक मोटर्स म्हणून सुरू झाली, मग ब्रिटनची लेलँड आली म्हणून १९५५ ला नाव बदललं, आणि आज ती हिंदुजा ग्रुपची आहे. आयशरचे ट्रक २००८ पासून व्होल्वोबरोबरच्या भागीदारीत इंदूरजवळ पिथमपूरला बनतात. महिंद्राने मोठे ट्रक सुरू केले ते अमेरिकेच्या नॅव्हिस्टारला बरोबर घेऊन, नंतर त्यांचा हिस्सा घेऊन स्वतःचं केलं, आणि ती गाडी आपल्या चाकणला बनते. टाटाने तर २००४ मध्ये कोरियाची देवूची ट्रक कंपनीच विकत घेतली. टाटा-कमिन्सचा इंजिनाचा एक कारखाना आपल्या फलटणला आहे, आणि बॉशचे इंजेक्टर म्हणजे नाव जर्मन पण बनतात नाशिकला.

चेसिस नंबर बघा कधी, १७ अक्षरांचा असतो, पहिली दोन अक्षरं एमए ते एमई यातली असली म्हणजे गाडी भारतात बनलेली. भारतबेंझचा नंबरही असाच सुरू होतो. त्यामुळे कुणी विदेशी गाडी म्हणाला की त्याला तीन वेगळे प्रश्न विचारा, कंपनी कुणाच्या मालकीची, गाडी कुठे जोडली जाते, आणि पार्ट कुठनं येतो. ट्रक चालवणाऱ्याला यातला तिसराच महत्त्वाचा आहे. पूर्ण बाहेरच्या घडणीची म्हणावी तर व्होल्वोची मोठी गाडी, ती बंगळूरजवळ होसकोटेला जोडतात, खाणीत आणि अवजड माल ओढायला तिला तोड नाही, पण कांदा, सिमेंट, किराणा वाहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये, एवढ्या किमतीला तेवढं भाडं मिळत नाही.

कंपनी टिकेल का हा प्रश्नही लोक फक्त विदेशीला विचारतात. जर्मनीच्या एमएएनचा पिथमपूरला कारखाना होता, ट्रक दणकट होता, तरी २०१८ मध्ये त्यांनी इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं आणि ज्यांनी गाड्या घेतल्या होत्या त्यांना पुढच्या पार्टची काळजी लागली. बरोबर आहे, पण एएमडब्ल्यू तर आपली देशी होती, कच्छमध्ये भुजजवळ एवढा मोठा कारखाना, तिचे टिपर सगळ्या खाणींवर दिसायचे, तीही कर्जात बुडून दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. म्हणजे झेंडा बघून खात्री मिळत नाही. खात्री मिळते ती रस्त्यावर त्या मॉडेलच्या गाड्या किती आहेत यावरून. गाड्या भरपूर असल्या की कंपनी राहो न राहो, पार्ट बनवणारे आणि दुरुस्त करणारे राहतातच.

तरीही माझं मत स्पष्ट सांगतो, दोन गाड्या सगळ्या बाबतीत सारख्या वाटल्या तर जिचे जास्तीत जास्त पार्ट इथे बनतात ती घ्या. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या कितीतरी लहान वर्कशॉपचं पोट या गाड्यांच्या कास्टिंग, गियर आणि प्रेस पार्टवर चालतं, तुमच्या-माझ्या घरातली पोरं तिथे शिफ्टला जातात. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. आणि धंद्याच्या दृष्टीनेही तेच फायद्याचं आहे, इथे बनलेला पार्ट लवकर मिळतो आणि डॉलर-युरो वर गेला म्हणून त्याची किंमत एकदम उडी मारत नाही. मात्र बाहेरच्या कंपन्या आल्या म्हणून आपल्याकडे केबिन सुधारल्या हेही मान्य करायला पाहिजे. पूर्वी ड्रायव्हरला अक्षरशः भट्टीत बसवायचे. २०२५ च्या जूनपासून नवीन मध्यम आणि मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली ती फार आधी व्हायला हवी होती.

मग भरवशाची गाडी ओळखायची कशी? माझ्या लेखी भरवशाची म्हणजे कधीच बंद न पडणारी नाही, तशी गाडी कुणी बनवलेलीच नाही. बंद पडल्यावर किती तासांत परत रस्त्याला लागते यावर भरवसा मोजायचा. त्यासाठी एक दिवस काढा आणि ट्रक टर्मिनलला जा, कळंबोली, वाशी मार्केट, नाशिकचं ट्रान्सपोर्ट नगर, जे जवळ असेल ते. तुम्हाला हवं तेच मॉडेल शोधा आणि ज्या गाडीचे तीन-चार लाख किलोमीटर झालेत तिच्या ड्रायव्हरशी बोला. सहा महिन्यांची नवी गाडी असलेला मालक कौतुकच करणार, त्याचा उपयोग नाही. ड्रायव्हरला विचारा क्लच प्लेट कितीला बदलली, टर्बो आणि इंजेक्टर कधी काढावे लागले का, चेकलाईट (इंजिनात बिघाड सांगणारा दिवा) किती वेळा लागते, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) किती तुटतात, आणि शेवटची कधी बंद पडली, कुठे, किती दिवस उभी होती. या शेवटच्या प्रश्नावर तो जे बोलेल ते नीट ऐका. मालकापेक्षा ड्रायव्हर खरं सांगतो, रात्री रस्त्याच्या कडेला गाडीत झोपायची वेळ त्याच्यावर येते.

तुमच्याकडे ड्रायव्हर आधीपासून असेल तर त्याला टेस्ट ड्राइव्हला न्याच, आणि रिकामी गाडी चालवून काही समजत नाही, डीलरकडे भरलेली डेमो गाडी मागा, आपल्याच रूटवर एक फेरा मारून द्यायला सांगा. बरेच डीलर देतात, मागायला पाहिजे.

बीएस-६ चं, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नव्या नियमाचं, वेगळं सांगतो कारण १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांचा सगळा स्वभावच बदललाय. पूर्वी हायवेवरचा कुठलाही मेस्त्री पाना घेऊन गाडी चालू करून द्यायचा. आता सेन्सर, वायरिंग आणि युरियाची सिस्टीम आहे (खताचा नाही, धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण), स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही. युरिया १०० लिटर डिझेलला साधारण ५ लिटरच्या आसपास लागतो, संपला तर गाडी आपोआप पिकअप कमी करते आणि घाटात भरलेल्या गाडीला ते परवडत नाही. स्वस्तातला सुटा युरिया, पाणी मिसळलेला युरिया, किंवा हायवेवर बायोडिझेल म्हणून विकतात ते भलतंच तेल, यातलं काही टाकू नका, एकदा सायलेन्सरमधलं कॅटालिस्ट किंवा इंजेक्टर गेले की खर्च ऐकून घाम फुटतो. मग कंपनी देशी असो नाही तर जर्मन. म्हणून आता सर्व्हिस सेंटर कुठे आहे याला पूर्वीपेक्षा दहापट महत्त्व आलंय. देशभरात हजार सेंटर आहेत हे ऐकून खूश होऊ नका, तुमच्या रूटवर दर शे-दीडशे किलोमीटरला आहे का आणि तिथे रात्री माणूस असतो का ते बघा. मराठवाडा-विदर्भाच्या आत जाणार असाल तर हा प्रश्न दोनदा विचारा. आणि डीलरच्या पार्ट काउंटरला जाऊन सरळ विचारा, समोरची काच, हेडलाईट, बंपर, युरियाचा पंप, नॉक्स सेन्सर (धुरातला विषारी वायू मोजणारा), यातलं आत्ता स्टॉकमध्ये काय आहे आणि नसेल तर किती दिवसांत येतं.

आता हिशोब, यात बरेच जण फसतात. समजा वर्षाला १ लाख किलोमीटर चालते. एक गाडी ४ चा ॲव्हरेज देते, तिला २५,००० लिटर डिझेल लागलं. दुसरी ४.३ चा देते पण ३ लाखाने महाग आहे, तिला साधारण २३,२५५ लिटर. फरक १,७४५ लिटरचा, डिझेल ९० रुपये धरलं तर वर्षाला दीड लाखाच्या वर, म्हणजे जास्तीचे ३ लाख दोन वर्षांत वसूल. ऐकायला छान वाटतं. पण हीच महाग गाडी पार्टसाठी वर्षातनं दहा दिवस जास्त उभी राहिली आणि तुमची दिवसाची सुटणारी कमाई ८ हजार असेल तर ८० हजार तिथे गेले, अर्धा फायदा संपला, आणि ज्या पार्टीचा माल अडकला तिने दुसरी गाडी लावली ते वेगळंच. हा हिशोब तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी करा, माझ्या नाही. त्यात विकताना काय येईल तेही धरा, पाच-सात वर्षांनी आपल्या तालुक्यात त्या गाडीला गिऱ्हाईक आहे का हे जुन्या गाड्यांच्या एजंटला आजच विचारता येतं, आणि इथे टाटा-लेलँडला अजून तरी गिऱ्हाईक पटकन भेटतं. बाकी जीएसटी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोटेशन नवीन दरानेच आहे ना बघा.

वॉरंटी मोठ्या अक्षरात लाखो किलोमीटरची लिहिलेली असते, खाली बारीक अक्षरात ती बहुतेक इंजिन-गियरबॉक्स-एक्सलपुरती असते. क्लच, रबर, बल्ब, वायरिंगचं काय ते वाचून घ्या, आणि सर्व्हिस बाहेर केली तर वॉरंटी राहते का तेही. ब्रेकडाऊनला किती तासांत माणूस येणार आणि नाही आला तर भरपाई काय, हे सेल्समनच्या तोंडचं धरू नका, कोटेशनवर लिहून सही-शिक्का घ्या. लिहून देत नसेल तर त्याच किमतीत दुसऱ्या डीलरकडे जा.

ताब्यात घेताना चेसिस नंबर स्वतः वाचून कागदाशी ताडा, बनवल्याचा महिना-वर्ष बघा, वर्ष संपताना जुना स्टॉक नवीन म्हणून देतात आणि विकताना त्याचा फटका बसतो. सगळ्या टायरची कंपनी आणि तारीख एकच आहे का, स्टेपनी, जॅक, टूल किट, दोन्ही चाव्या मिळाल्या का, युरियाची टाकी भरलेली आहे का, एसी उभ्या गाडीत पंधरा मिनिटं लावून थंड करतो का, आणि खालून कुठे तेल गळतंय का हे दिवसाउजेडी बघा, संध्याकाळी सहाला डिलिव्हरी घेऊ नका. बॉडी बांधून झाली की पहिल्या फेऱ्याआधी रिकामी गाडी काट्यावर घालून पावती घ्या आणि ती कागदांच्या फाईलमध्ये लावून ठेवा, आणि व्हीलनट पहिल्या भरलेल्या फेऱ्यानंतर परत आवळून घ्या.