लॉक नट काढायला बसण्याआधी

अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट असतो, तो त्याच्या खास किल्लीनेच सुटतो. किल्ली फिरते, नट मात्र जागचा हलत नाही, म्हणजे नटाच्या खाचा झिजल्या. आता ठोकाठोकी अटळ. पण हातोडा उचलण्याआधी डिकी रिकामी करून बघा. सेकंडहँड गाडीत किल्ली भलत्याच संचाची निघण्याचा प्रकार नवा नाही. संचासोबत आलेलं कोडचं कार्ड मिळालं तर त्यावरून दुसरी किल्ली मागवता येते, तेवढ्यावर भागलं तर उत्तमच. बाकीच्या तीन चाकांचे लॉक नट हातातल्या किल्लीने सुटत असतील, तर तेही आधीच काढून साधे बसवा. खराब नटाशी झटताना किल्ली मोडली, की चारही चाकं अडकली.

बदलीचा नट आधी आणायचा, मग जुन्याला हात लावायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तो मिळतो, पण नुसतं 'अलॉयचा नट द्या' म्हणू नका. मारुतीचे आटे बहुतेक बारा बाय सव्वा, म्हणजे १२ मिमी जाडीवर दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर, ह्युंदाई, होंडाचं अंतर १.५. हाताने दोन फेरे बसतो आणि मग अडतो, तो नट चुकीचा. पान्याने रेटलात तर स्टडचे, म्हणजे नट बसतो त्या दांड्याचे, आटे जातील. नटाची बैठक, म्हणजे रिमला टेकणारी बाजू, तीही बघा. होंडाच्या मूळ रिमला गोलसर बैठक लागते, बाजारातल्या अलॉयना बहुधा निमुळती. सोबत चाकाचा एखादा चांगला नट खिशात घेऊन जा, तोंडी वर्णनापेक्षा तो बरा. स्कोडा-फोक्सवॅगनला नट नसून बोल्ट असतात, त्यांची लांबीही जुळवावी लागते.

हत्यारांसाठी मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. रविवारी सकाळी उठून जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. उलट्या चक्री आट्यांची, नट काढायची खास गोटी (सॉकेट) घ्या. डावीकडे फिरवली की ती नटात रुतत जाते. ती नसेल तर नटापेक्षा किंचित लहान, बारा कोनी, काळी इम्पॅक्टची गोटी ठोकून बसवता येते. चकचकीत क्रोमची नको, तिचे कपचे उडतात. अर्धा इंची लांब दांडा, जड हातोडा, चष्मा आणि हातमोजे हवेतच. गोटीची बाहेरची जाडी रिमच्या भोकात मावते का, हे दुकानातच मोजून घ्या. नटावर सैल फिरणारी बाहेरची कडी असेल, तर ती आधी काढावी लागते, नाहीतर गोटी कडीलाच धरून गरगरत राहते.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बंद टोपीच्या नटात ते आट्यांपर्यंत फारसं पोचत नाही, तरी बैठक थोडी सैलावते. ब्रेकच्या डिस्कवर थेंब जाऊ देऊ नका. रिमच्या भोकाभोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या.

जागा सपाट हवी. पोडियमचा रॅम्प नको, स्टॅक पार्किंगचा पाळणा तर मुळीच नको. सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकलंत तर वॉचमन येईलच, त्याच्यामागून सेक्रेटरीही. हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. ठोकताना आणि पहिला झटका देताना चाक जमिनीवरच टेकलेलं हवं, जॅक त्यानंतर. शेजारचे नट नीट आवळून घेतले की लॉक नटावरचा ताण उतरतो. अनेकदा तेवढ्यानेच काम सोपं होतं.

छिन्नी आणि वेल्डिंगवाल्याचा सल्ला हमखास मिळेल. माझ्या मते अलॉयजवळ ठिणगी नको. गोटी दोनदा घसरली तर थांबून ड्रिलवाल्या गॅरेजला गाडी द्या. नट सव्वाशेचा, रिम हजारोंची.

नवा नट हाताने बसवा, मग टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पंक्चरवाल्याची नट आवळायची गन लावायची नाही. बरेच लॉक नट त्यापायीच खराब होतात. गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की चारही चाकांवर पुन्हा एकदा पाना फिरवा.