नजर अधू आहे आणि नोकरी हवी आहे? सीमाभागातल्या आपल्या लोकांनो, या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती लपवाछपवी. मला रातांधळेपणा आहे. पहिल्या नोकरीत मी तो लपवला. संध्याकाळी जिन्यावर पाय चुकायचा आणि लोकांना वाटायचं, हा पिऊन आलाय. शेवटी कामावरून काढलं, तेव्हाही मी गप्पच. खरं तर मला दोनच गोष्टी हव्या होत्या: सकाळची पाळी आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा. म्हणून "मला नीट दिसत नाही" एवढ्यावर थांबू नका, काय हवं ते नेमकं सांगा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा सोयी मागायला आधार आहे.

दुसरी चूक खास आपल्याकडची. "कन्नड येत नाही" म्हणून अर्जच करायचा नाही. ब्रेल शिकलेल्यांनो, जरा थांबा. भारती ब्रेल म्हणजे भारतीय भाषांची सामायिक ब्रेल. तिच्यात मराठी 'क' आणि कन्नड 'ಕ' दोन्हींचे ठिपके एकच, १ आणि ३. डोळस मराठी माणसाला कन्नड लिपी पहिल्यापासून गिरवावी लागते. तुमच्या बोटांना ती जवळजवळ येतेच. शिकायची ती भाषा, आणि ती बाजारात, बसमध्ये रोज कानावर पडतेच आहे.

ऑफिसात कन्नड फाईल उघडली आणि एनव्हीडीए (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचू लागला, तर "मला जमत नाही" म्हणून उठू नका. फाईल बहुतेक नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती युनिकोडमध्ये बदलून मागा. मराठीत श्रीलिपीच्या जुन्या फाईलींचंही हेच होतं. दोष फाईलचा आहे, तुमचा नाही.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, जाहिरात आल्यावर काढायला धावू नका, आधीच काढा. राखीव जागेसाठी किमान ४०% दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत बघून ठेवा. परीक्षेत लेखनिक घेणार असाल तर तासाला २० मिनिटं जादा मिळतात का, हे जाहिरातीत वाचून अर्जातच मागा.

आणि सरकारी नोकरीत असताना नजर गेली, तर घरचे कितीही म्हणोत, राजीनामा लिहून देऊ नका. त्याच कायद्याचं कलम २०(४) सांगतं की, या कारणावरून काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. त्याच पगारावर झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून तिथे ठेवावं लागतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.