गेट ते गॅरेज: घर बांधताना गाडीच्या जागेचा मेळ कसा घालावा

सांगलीच्या विश्रामबागेत असो वा साताऱ्याच्या शाहूपुरीत, घराचा नकाशा काढायला बसल्यावर दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मापांवर तासन्‌तास चर्चा होते आणि गाडीची जागा मात्र उरलेल्या कोपऱ्यात ढकलली जाते. पुढची वीस-पंचवीस वर्षे दिवसातून दोनदा वापरायच्या जागेला एवढे दुय्यम स्थान देणे योग्य नाही. गॅरेज किती खोल असावे आणि गेटपासून तिथपर्यंतचा ड्राइव्हवे किती लांब असावा, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवता येत नाहीत. भूखंडाची लांबी ठरलेली असल्याने गॅरेज एक फूट पुढे आले, की ड्राइव्हवे तेवढाच आखूड होतो आणि रॅम्पचा चढ त्या प्रमाणात तीव्र होतो. म्हणून आधी गाडीचे माप, मग रस्त्याची व पार्किंगची पातळी, मग गेट आणि शेवटी गॅरेज, या क्रमाने विचार करावा असे माझे ठाम मत आहे. बहुतेक नकाशांत हा क्रम उलटा असतो आणि पुढच्या अडचणींचे मूळ तिथेच असते.

गाडीचे माप कंपनीच्या पत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेले असते. चार मीटरच्या आतल्या गाड्या, म्हणजे स्विफ्ट, ब्रेझा किंवा बोलेरो, जास्तीत जास्त १३ फूट १ इंच भरतात. अर्टिगा सुमारे साडेचौदा फूट, तर इनोव्हा क्रिस्टा साडेपंधरा फूट लांब आहे. पत्रकातील रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नसतात, हे ध्यानात ठेवावे. स्कॉर्पिओ-एनची रुंदी आरशांशिवायच सव्वासहा फुटांच्या वर जाते. गाडीच्या लांबीत पुढच्या भिंतीपाशी एक फूट आणि मागे डिकी उघडून सामान काढता यावे म्हणून तीन फूट मिळवले, तर छोट्या गाडीला साधारण १७ ते १८ फूट आणि मोठीला २० फूट खोली लागते. चालकाच्या बाजूला दार मोकळेपणी उघडण्यासाठी अडीच फूट आणि दुसऱ्या बाजूला किमान एक फूट सोडला, तर एका गाडीसाठी १० फूट मोकळी रुंदी हवी. घरात वयस्कर मंडळी असतील किंवा दोन्ही बाजूंना भिंती असतील, तर ११ ते १२ फूट ठेवावी. राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर जागा धरलेली आहे. ते मंजुरीसाठीचे किमान माप आहे, सुखाने वापरण्याचे नव्हे. तासगाव किंवा मिरजेच्या आसपास राहून द्राक्षे, हळद वा बेदाण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या दारात बहुधा पिकअपही उभी असते. तिला पाच मीटर पुरतच नाहीत, तेव्हा तिचे माप टेपने स्वतः मोजून घ्यावे.

येथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण पैसे खर्चूनही जागा अपुरी पडते ती बऱ्याचदा याच कारणाने. नकाशात खांबांमधले अंतर पुष्कळदा मध्यापासून मध्यापर्यंत दाखवलेले असते. तिथे १० फूट लिहिलेले असले आणि खांब ९ इंचांचे असले, तर आतले अंतर ९ फूट ३ इंच राहते. दोन्ही बाजूंच्या गिलाव्याने आणखी इंच-दीड इंच जातो, वर टाइल्स लावल्या तर आणखी कमी होते. म्हणून 'गिलावा झाल्यावर आत मोकळे १० फूट' अशी नोंद नकाशावर करून घ्यावी आणि खांबांची आखणी करणाऱ्या मिस्त्रीला ती दाखवावी. दिवाणखान्यात चढायच्या पायऱ्यांचेही तसेच. घराचे जोते पार्किंगपेक्षा दोन फूट उंच असेल, तर सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या होतात आणि त्या तीन-साडेतीन फूट जागा घेतात. त्या पोर्चमध्ये उतरल्या, तर गाडीचे दार नेमके पायरीवर आपटते. पायऱ्यांची जागा गाडीच्या मापाच्या बाहेरच धरावी.

आता पातळीकडे वळू, कारण ड्राइव्हवेची लांबी खरे तर पातळीच ठरवते. १० फुटांत १ फूट हा चढ गाडीला आणि चालणाऱ्या माणसालाही सोयीचा असतो. आठास एक चालून जातो. पाचास एक मात्र करू नये. असा तीव्र रॅम्प वर एकदम सपाट फरशीला जोडला, तर पुढची चाके फरशीवर आणि मागची रॅम्पवर असताना वरचा काठ गाडीच्या पोटापाशी येतो. चाकांमधले अंतर २.६ मीटर धरले, तर हा काठ चाकांच्या रेषेच्या सुमारे १३ सेंटिमीटर वर येतो. रिकामी गाडी त्यावरून निघून जाते, पण चार माणसे आणि सामान भरल्यावर ती खाली बसते आणि घासते. म्हणूनच ताबा घेताना रॅम्प ठीक वाटतो आणि दिवाळीला पाहुणे घेऊन आल्यावर त्याचा दोष कळतो. रॅम्पच्या खालच्या व वरच्या टोकाला दोन-दोन फूट अंतरात निम्मा उतार ठेवला, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

समोर १० फूट मोकळे अंतर सुटणार असेल, तर यावरून सरळ हिशोब निघतो: पार्किंगची फरशी रस्त्यापेक्षा एका फुटाहून जास्त उंच ठेवू नये. सांगलीत हा सल्ला पुष्कळांना रुचत नाही आणि त्यामागची भीती मला पूर्ण समजते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, आणि तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैतही गावभागात पुन्हा पाणी शिरले. ज्यांनी हे भोगले, ते घर बांधताना सगळेच उंच घ्या म्हणतात. घराचे जोते उंच घ्यावेच. निळ्या (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या दरम्यान भूखंड असेल, तर जोते लाल पूररेषेपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असण्याची अट नियमावलीतच आहे. पण गॅरेजची फरशी जोत्याबरोबर उचलण्याची गरज नाही. दोन फूट उंच केलेले गॅरेज तेवढ्या पुरात गाडी वाचवू शकत नाही, गाडी आधीच उंच भागात नेऊन लावावी लागते. रोजच्या वापरात मात्र त्या दोन फुटांसाठी २० फुटांचा रॅम्प लागतो, आणि ३० बाय ५० च्या भूखंडावर तो आणणार कोठून? घर उंच, पार्किंग सखल आणि दोहोंच्या मध्ये पायऱ्या, हीच रचना येथे शहाणपणाची आहे. पूररेषेच्या आत जागा फारच खोलगट असेल, तर खाली संपूर्ण मजला पार्किंगचा आणि वर घर, हा पर्याय वास्तुविशारदाशी बोलून पाहावा.

साताऱ्यात गोष्ट निराळी आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गोडोलीकडे किंवा यवतेश्वरच्या बाजूला भूखंडच उतरते असतात. भूखंड रस्त्यापेक्षा सहा-आठ फूट उंच असेल, तर लांबलचक रॅम्प काढून गाडी वर नेण्यापेक्षा गॅरेज रस्त्याच्या पातळीवर घराखाली घ्यावे. ड्राइव्हवे तीन-चार फुटांवर आटोपतो आणि वर अंगण अख्खे मिळते. मागच्या मातीला पेलणारी भिंत मात्र अभियंत्याकडून आखून घ्यावी आणि तिच्यात पाणी निथळण्यासाठी नळ्या सोडाव्यात, नाहीतर पावसाळ्यात सगळा डोंगर त्या भिंतीवर रेटा देतो. भूखंड रस्त्याखाली असेल, तर रस्त्यावरचे पाणी थेट गॅरेजात येते. त्यासाठी रस्त्याच्या कडेला रॅम्पचा पहिला फूट-दोन फूट भाग किंचित उंचावून मग उतार द्यावा आणि गॅरेजच्या तोंडाशी आडवी नाली काढून तिच्यावर जड लोखंडी जाळी बसवावी. सततच्या पावसात गुळगुळीत रॅम्पवर शेवाळ धरते, तेव्हा काँक्रीट ओले असतानाच आडव्या खाचा मारून घ्याव्यात.

लांबीबाबत माझा एक स्पष्ट आग्रह आहे. ड्राइव्हवे एकतर अख्खी गाडी गेटच्या आत उभी राहील एवढा, म्हणजे १६ ते १८ फूट असावा, किंवा चढ आणि गेट यांना पुरेल एवढाच असावा. आठ ते बारा फुटांचा मधलाच ड्राइव्हवे गाडी उभी करायला आखूड आणि अंगण म्हणून वापरायला अडचणीचा ठरतो. पाहुण्यांची गाडी शेवटी रस्त्यावरच राहते. पण समोर १० फूट सोडणे बंधनकारक असेल तेव्हा काय करायचे? अशा वेळी त्या दहा फुटांना छताखालच्या जागेशी जोडून एकच लांब पट्टा समजावा. पोर्च २० फूट खोल घेतला, तर गेटपासून आतल्या भिंतीपर्यंत ३० फूट होतात. चार मीटरच्या आतल्या दोन गाड्या मिळून सव्वासव्वीस फूट भरतात, त्यामुळे त्या एकामागे एक उभ्या राहतात आणि पुढे, मध्ये व मागे मिळून पावणेचार फूट उरतात. सकाळी आधी निघणाऱ्याची गाडी गेटजवळ लागली पाहिजे, एवढे पथ्य पाळावे लागते. हे गणित बंद शटरच्या गॅरेजात बसत नाही. म्हणूनच लहान भूखंडावर शटर लावून गॅरेज बंद करण्याचा मोह टाळावा. समोर शटर आणि बाजूला भिंती आल्या, की रुंदी वाढवावी लागते आणि दहा फुटांचा तोच निरुपयोगी तुकडा पुढे शिल्लक राहतो. बंद गॅरेज ४० बाय ६० किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर, दोन गाड्या शेजारी-शेजारी १८ फूट रुंदीत लावता येत असतील तेव्हाच शोभते.

गेटची झडप रस्त्यावर उघडू नये, आणि आत उघडली तर तेवढी लांबी गेलीच. १२ फुटांच्या गेटच्या दोन झडपा आतले सहा फूट अडवतात, शिवाय चढत्या रॅम्पवर झडपेची खालची कड टेकते. सरकते गेट ही अडचण मिटवते. त्याला गेटइतकीच लांब कुंपणभिंत लागते. ३० फुटांच्या दर्शनी बाजूत १२ फुटांचे गेट, ते सरकायला १२ फूट भिंत आणि दुसऱ्या बाजूला माणसांसाठी तीन फुटांचे छोटे गेट सहज बसते. समोरचा रस्ता अरुंद असेल, जसे साताऱ्याच्या जुन्या पेठांत आहेत, तर गाडी वळवून आत घेण्यासाठी गेट १२ ते १४ फूट रुंद ठेवावे. अरुंद रस्त्याची भरपाई गेटच्या रुंदीनेच होते.

ड्राइव्हवेखालच्या जमिनीकडे दुर्लक्ष झाले, तर मापे बिनचूक असूनही उपयोग होत नाही. सांगली-मिरजेची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टाकले, तर ते तडकतेच. दोन-तीन फूट काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने दाबावा आणि मग सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, करावे. मला स्वतःला अशा जमिनीवर साठ मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बरे वाटतात, कारण एखादा भाग खचला तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. पार्किंगच्या फरशीला गेटकडे शंभरास एक एवढा उतार पुरतो. विजेवरच्या गाडीसाठी स्वतंत्र अर्थिंगसह वायरची नळी आताच टाकून ठेवावी.

खांबांचे खड्डे घेण्याआधी एक काम अवश्य करावे. भूखंडावर चुन्याची फक्की मारून खांब, पायऱ्या, गेट आणि भिंती खऱ्या मापात आखाव्यात, खांबांच्या जागी बांबू रोवावेत आणि आपलीच गाडी रस्त्यावरून वळवून त्या रेषांत आत घ्यावी, दारे उघडावीत, डिकी उघडावी आणि उलटी बाहेर काढावी. जो गाडी रोज चालवणार आहे, त्यालाच बसवावे. बांबू सहा इंच सरकवायला काही खर्च येत नाही, खांब मात्र एकदा उभा राहिला की सरकत नाही. याच वेळी रस्त्याची पातळी कायमच्या खुणेवरून मोजून नकाशावर लिहून घ्यावी. आपल्याकडे दर डांबरीकरणात रस्ता दोन-तीन इंच चढतो, तेव्हा पार्किंगची फरशी आजच्या रस्त्याच्या बरोबरीने न ठेवता किमान सहा ते नऊ इंच वर धरावी आणि रॅम्पची लांबी त्या उंचीवरून काढावी.