जाळीच्या शालीत एक टाका कमी भरला तर

उलट ओळीत टाके मोजताना एक कमी भरला, की टाका सुटला असं वाटतं. पण जाळीच्या विणकामात बहुतेक वेळा मागच्या सुलट ओळीत लोकरीचा वेढा सुईवर घ्यायचा राहिलेला असतो; याच वेढ्याने जाळीचं भोक पडतं. माझ्या शालीत तेच झालं होतं.

चूक एकाच ओळीखाली असेल तर उसवू नका. भोक जिथे हवं होतं, तिथल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने पुढून मागे उचला आणि नेहमीसारखा उलट विणा. पीळ पडला तर भोक मिटतं. हे भोक शेजारच्यांपेक्षा जरा लहान दिसेल; लोकरीची शाल भिजवून, टाचण्यांनी ताणून वाळवली की फरक जवळपास दिसत नाही.

चूक पाच-सहा ओळी खाली असेल तर मात्र उसवणंच बरं. दोन टाके एकत्र विणलेली जागा सुटली, की कुठला फास कुठल्या ओळीचा हेच समजत नाही. म्हणून आता मी नमुना एकदा पुरा झाला, की साध्या उलट ओळीनंतर बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवते. दोरा गुळगुळीतच हवा. लोकर तंतूंना चिकटते, ओढताना जाळी खेचली जाते. खुणेच्या कड्यांमधून तो जाऊ देऊ नका, कडी तिथेच अडकते.

दोऱ्यापर्यंत उसवल्यावर टाके एक-दोन नंबर बारीक सुईवर उचला, मोजा, आणि पुढची ओळ मूळ सुईने विणा. रंगीत श्रगच्या जाळीदार बाह्यांनाही हेच चालतं.