पंधरा वर्षांच्या गाडीला पासिंगला नेण्याआधी

खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणी नूतनीकरणासाठी तिची तपासणी होते. ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही आरटीओत जायचं असो, आधी काच आणि टायर नीट पाहून घ्या.

काचेकडे तर आजच बघा. डंपरमागून उडालेल्या खडीचा रुपयाच्या नाण्याहून लहान टवका रेझिन भरून थोडक्यात दुरुस्त होतो. तो तसाच राहिला आणि उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत आला, की त्यातून तडा पसरत जातो. मग अख्खी काच बदलावी लागते. तोवर टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी जाऊ देऊ नका. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात काचेचा खर्च मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी छोट्या खर्चासाठी क्लेम करू नका, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते.

रुबाबासाठी मोठे टायर बसवले असतील तर कंपनीच्या मापाचे परत लावा. व्यास 5 टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 84 ने पळत असते. शिवाय वळताना टायर मडगार्डला घासतो. टायरची नक्षीही किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी.